काचेच्या नळीतली वीस मिनिटे

म्हैसूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नंजनगूड तालुक्यातल्या शेतावर, भाताच्या बांधावरून येताना त्यांच्या धाकट्या दिरांच्या पायाला साप चावला. पाय सुजू लागला. तासाभरात त्यांना दवाखान्यात नेले, तर डॉक्टरांनी थोडेसे रक्त काढले, काचेच्या नळीत घालून स्टँडला उभे केले आणि सगळे घड्याळाकडे बघत बसले! ‘लस फ्रिजमध्ये असताना हा वेळकाढूपणा कशासाठी? आमची माणसे हमरीतुमरीवर आली. पुढे लस दिली, भावोजी वाचले. पण सहा तासांनी पुन्हा तेच रक्त काढणे, तीच नळी. कोणी काही सांगितले नाही,’ असे त्या लिहितात.

ताई, तुमचा राग समजण्यासारखा आहे. पण त्या दवाखान्यात त्या क्षणी याहून उपयोगाची तपासणी क्वचितच झाली असती.

वर्णनावरून तो साप घोणस असावा. कन्नडमध्ये तिला कोळकुमंडल म्हणतात. तिचे विष रक्तात उतरले की रक्त गोठवणारे घटक एकदम कामाला लागतात. नको तिथे बारीक गुठळ्या धरतात आणि विरघळतात. या खटाटोपात फायब्रिनोजेन हे प्रथिन, ज्याच्या धाग्यांनी गुठळी बांधली जाते, खर्ची पडते. मग हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूतही रक्तस्राव होऊ लागतो. कोकणातल्या फुरशाचे विषही रक्तावरच घाला घालते. गंमत म्हणजे घोणशीच्या विषाचा हाच गुण ओळखून १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी ते हिमोफिलियाच्या रोग्यांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरून पाहिले होते.

आता ती नळी. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचे आणि वीस मिनिटे हलवायचे नाही. मग नळी एकदाच तिरपी करायची. गुठळी धरली असेल तर ठीक. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष अंगात भिनले आहे आणि लस हवीच. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर निरोगी माणसाचे रक्तही गोठणार नाही आणि भलताच निष्कर्ष निघेल.

मग सरळ लसच का देत नाहीत? प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. शिवाय ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात. काहींना तिची तीव्र रिअॅक्शन येते, रक्तदाब कोसळतो. म्हणून गरज ठरवूनच ती देतात. मात्र रक्तस्राव दिसत असेल, किंवा पापण्या जड होऊन श्वास अडत असेल, तर नळीसाठी थांबायचे नसते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते, त्यात ही नळी काहीच सांगत नाही. सौम्य बिघाडही तिच्यातून निसटू शकतो. जिथे सोय आहे तिथे डॉक्टर पीटी-आयएनआर तपासतात.

करोनाच्या २०२०-२१ सालांत घरोघरी पाठ झालेली डी-डायमर तपासणी याच जातीची. विरघळलेल्या गुठळ्यांचे अवशेष ती मोजते. दाखल होताना हा आकडा फार वाढलेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले होते. पण तो गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर, वाढत्या वयातही वाढतो. नुसत्या आकड्याने घाबरून जाऊ नये. नळीचे उत्तर त्यामानाने रोखठोक असते.

सहा तासांनी दुसरी नळी का? लसीने विष निकामी झाले तरी खर्ची पडलेले घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात, त्याला साधारण तेवढा वेळ लागतो. तरीही रक्त गोठले नाही तर लसीचा पुढचा डोस. सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी टोचत नाही. आणि सगळीकडच्या घोणशीचे विष सारखे नसते. तुमच्याच म्हैसूर विद्यापीठातल्या टी. व्ही. गौडा यांच्या गटाने १९९९ साली देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या घोणशींच्या विषांतला फरक मांडला होता. एका ठिकाणच्या विषावर बनवलेली लस दुसरीकडे तितकीच चालेल असे नाही. म्हणून पुन्हा तपासणे भागच असते. पहिली नळी चांगली निघाली तरी चोवीस तास रोग्याला घरी नेऊ नये. पहाटे अंगावर शहारे आणणारी प्रकरणे बहुधा अशा घाईतूनच येतात.

हे सारे डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितले असते, तर तुमची माणसे भांडली नसती. ही चूक डॉक्टरांचीच.

तुम्ही दोरी आवळून बांधली नाही, चिरा दिला नाही, पाय न हलवता थेट दवाखाना गाठला, हे फार चांगले केले. आता भावोजींची लघवी कमी किंवा लालसर होते का, तोंडावर सूज येते का, यावर काही दिवस लक्ष ठेवा. घोणशीचे विष मूत्रपिंडांना इजा करते. लसीनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पित्त उठणे असे काही झाले, तर त्याच दवाखान्यात दाखवा आणि लस दिल्याची चिठ्ठी बरोबर न्या.