अर्धा तास आणायचा कोठून?

रक्तदाबाच्या रुग्णास डॉक्टर सांगतात : रोज अर्धा तास भरभर चाला, आठवड्याची १५० मिनिटे भरू द्या. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. नियमित व्यायामाने रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी होतो व वरचा दाब साधारणतः ५ ते ८ अंकांनी उतरतो. चालू औषध मात्र परस्पर सोडू नये.

परंतु पनवेलहून हार्बर मार्गाने मुंबई गाठणाऱ्या कामगाराचे रोज सुमारे तीन तास प्रवासातच सरतात. त्याने हा अर्धा तास आणावा कोठून? १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बस कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. बैठ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. आरोग्याचा बराचसा निवाडा कामाच्या जागीच होतो, हा त्याचा अर्थ. असे असता सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली!

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत रक्तदाब तपासणी घ्यावीच. शिवाय पनवेल महानगरपालिकेकडे मोकळे पदपथ आणि स्त्रियांना निर्धास्त फिरता येईल अशी उजेडाची मैदाने मागावीत. आठ तासांच्या दिवसाची जुनी मागणी ही आरोग्याचीही मागणी आहे.