गाभा किती, तेही लिहा

तेलताडाच्या मळ्याचा नकाशा उघडला की लागवडीच्या चौकटींमध्ये हिरव्या रंगाचे चार-सहा ठिपके दिसतात. शेजारच्या तक्त्यात नोंद असते : संवर्धनासाठी राखीव, अमुक हेक्टर. तपासणीला आलेला माणूस तो आकडा पाहतो, एकूण क्षेत्राशी टक्केवारी काढतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. हा आकडा खोटा नसतो, पण त्यावरून जंगलाची प्रकृती कळत नाही. सर्वेक्षण करणाऱ्या, अहवाल लिहिणाऱ्या आणि तो तपासणाऱ्या आपल्या वाचकांनी या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा, असे आम्हाला वाटते : गाभ्याचे क्षेत्र.

हिशेब सोपा आहे. एक किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद जंगलाचा चौकोन घ्या. क्षेत्र १०० हेक्टर. कडेचा १०० मीटरचा पट्टा सोडला तर आत ८०० मीटर बाजूचा चौकोन, म्हणजे ६४ हेक्टर गाभा उरतो. आता तेच १०० हेक्टर पाच किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्टीत पसरवा. गाभा शून्य. तक्त्यात मात्र दोन्हींपुढे १०० हेक्टरच लिहिलेले असेल.

कडेचा पट्टा वगळायचा तो उगाच नाही. मळ्याच्या बाजूने ऊन आणि गरम वारा आत शिरतो, पालापाचोळा सुकतो, उंच झाडे वादळात उन्मळतात आणि त्या मोकळ्या जागेत वेली माजतात. भाकरीचे जितके बारीक तुकडे कराल तितकी ती लवकर वाळते; जंगलाचेही तसेच आहे.

या विषयाची कसून तपासणी झाली ती बोर्नियो बेटावरच्या मलेशियाच्या साबा राज्यात. डेव्हिड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सलग जंगल, मळ्यातले जंगलाचे तुकडे आणि खुद्द तेलताड यांतल्या पक्ष्यांची तुलना होती. धोक्यात असलेल्या जातींच्या पक्ष्यांची संख्या सलग जंगलापेक्षा तुकड्यांमध्ये ६० पटींनी आणि ताडांमध्ये २०० पटींनी कमी भरली. ‘मळ्यात थोडे जंगल राखले की झाले’ या समजुतीला हा मोठाच धक्का होता. पुढे २०१७ मध्ये जेनिफर लूसी आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावा एकत्र करून उद्योगाला वापरता येईल असा निकष मांडला : तुकड्याचा गाभा २०० हेक्टरांहून मोठा असावा. तुकडा अगदी गोल धरला तरी त्यासाठी सुमारे २५० हेक्टर जंगल लागते. जास्त कार्बन साठवणाऱ्या जंगलांसाठीच्या ‘हाय कार्बन स्टॉक’ पद्धतीतही तुकड्यांचा अग्रक्रम गाभ्यावरूनच ठरतो. १० हेक्टरांहून कमी गाभ्याचे तुकडे तिच्यात खालच्या पायरीवर जातात. २००४ साली स्थापन झालेल्या शाश्वत पामतेलाच्या गोलमेज संघटनेने, म्हणजे आरएसपीओने, २०१८ च्या निकषांत ही पद्धत स्वीकारली. थोडक्यात, गाभा मोजण्याची रीत तयार आहे. आपल्या अहवालांतच ती अजून पुरती रुळलेली नाही.

दुसरी अडचण जागेच्या निवडीची. मळ्यात शिल्लक राहते ते बहुधा लागवडीला नको असलेले : २५ अंशांहून तीव्र उतार, दलदल, खडकाळ माथा. म्हणजे जंगल कुठे राहील हे ट्रॅक्टरच्या सोयीने ठरते. शिवाय बाहेरून हिरवागार दिसणारा तुकडा आतून निर्वंश होत असतो. बोर्नियोच्या जंगलाचा कणा असलेले डिप्टेरोकार्प वृक्ष काही वर्षांच्या अंतराने, एकाच हंगामात मोठ्या प्रमाणावर फुलतात-फळतात. तुकड्यात बीजवृक्ष मोजकेच उरले, त्यांचे बी रुजले नाही किंवा रोपे सुकली, तर पुढच्या हंगामासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. म्हणून सर्वेक्षणात नुसता छत्राचा दाट-विरळपणा नोंदवू नये. गुडघाभर उंचीची रोपे कोणत्या जातींची आणि किती, हेही मोजावे. रोपे नसतील तर तिथे स्थानिक जातींची भर लागवड करावी लागेल. नुसते कुंपण पुरणार नाही.

मग लहान तुकडे सोडून द्यायचे का? मुळीच नाही, फक्त त्यांच्याकडून कशाची अपेक्षा ठेवायची ते नीट ठरवावे. साबातच किनाबातांगान नदीच्या खालच्या खोऱ्यात सुमारे २६,००० हेक्टरांचे अभयारण्य २००५ साली जाहीर झाले, तेही तुटक तुकड्यांत आणि तेलताडाने वेढलेले. तिथले ओरांगउटान ताडांतून ये-जा करतात, लहान रानांत मुक्काम करतात. पण जगतात ते मोठ्या जंगलाच्या आधारावर. सुमात्रातल्या जांबी प्रांतात एका मळ्यात २०१३ साली थोडे ताड काढून झाडांची ५२ छोटी बेटे लावण्यात आली. पाच वर्षांत तिथली जैवविविधता वाढली आणि एकूण उत्पादन मात्र घटले नाही. नदीकाठचे पट्टेही असेच. साबात कायद्याने प्रत्येक काठावर २० मीटर राखावे लागतात. पक्ष्यांच्या अभ्यासानुसार किमान ४० मीटर तरी हवेत. ही सारी वाटेवरची ठाणी आहेत. ठाणी हवीतच, पण ती दाखवून मूळ जंगल तोडायला परवानगी मागणाऱ्याला आपण साफ नकार द्यायला हवा.

हे सारे सुधारण्याची संधी मळा स्वतःच देतो. तेलताड साधारण २५ वर्षांचा झाला की घड काढायला फार उंच होतो आणि मळा पाडून नव्याने लावतात. एरवी हेक्टरी १४३ झाडांच्या त्रिकोणी आखणीतला एक ताड हलवायचा म्हटला तरी व्यवस्थापक कपाळाला हात लावतो. पुनर्लागवडीत मात्र रस्ते, चर, ओळी सगळेच नव्याने आखले जाते. नदीकाठ रुंद करायचा, दोन तुकडे जोडायचे, लांबट तुकड्याला पोट द्यायचे ते याच वेळी. ही संधी हुकली की आणखी पाव शतक थांबा. म्हणून जोडणीचा नकाशा ताड पाडण्याच्या निदान दोन वर्षे आधी व्यवस्थापकाच्या टेबलावर असावा. रोपवाटिकेत स्थानिक झाडांची रोपे तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच.

हा प्रश्न आता परदेशातला राहिलेला नाही. पामतेलाचा जगातला सर्वात मोठा आयातदार भारत आहे, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ११,०४० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाचा भर ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबारवर आहे. मिझोरममध्ये डाम्पा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात जयदेव मंडल आणि टी. आर. शंकर रामन यांना झूम म्हणजे फिरत्या शेतीच्या प्रदेशात तेलताडापेक्षा कितीतरी अधिक वनपक्षी आढळले. झूमनंतर विश्रांतीला सोडलेली जमीन कागदावर पडीक दिसते. प्रत्यक्षात ते वाढीला लागलेले जंगल असते. तिथे काम करणाऱ्यांनी ताड लागण्याआधीच गाभा आणि जोडणी आखून घ्यावी. नंतर तुकडे शिवण्यापेक्षा ते सोपे आणि स्वस्तही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात पीक रबराचे असले तरी गणित हेच आहे.

तेव्हा पुढच्या अहवालात एवढे करा : प्रत्येक तुकड्यापुढे एकूण क्षेत्र, गाभा, जवळच्या मोठ्या जंगलापर्यंतचे अंतर, रोपांची स्थिती आणि भोवतालच्या ताडांच्या पुनर्लागवडीचे वर्ष लिहा. गाभा शून्य असेल तर शून्यच लिहा, आणि तो वाढवायला कोणत्या ओळी सोडाव्या लागतील तेही नमूद करा.