नमुना घेता, तर कवचही द्या

जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारा कायदा झाल्याखेरीज सरकारने निरोगी नागरिकांकडे संशोधनासाठी आणखी नमुने मागू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘जीनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पातील सुमारे दहा हजार जनुकसंच जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुले झाले, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

पण त्यासाठी रक्त देणारे हे लोक रुग्ण नव्हते. स्वतःच्या उपचाराची आशा नसताना, निव्वळ विश्वासावर त्यांनी दंड पुढे केला. नाव काढले की ओळख पुसली, हा युक्तिवाद तोकडा आहे. जनुकसंच हीच ओळख असते, आणि ती भावंडांची व मुलांचीही असते. त्यांना विचारले कोणी? उद्या घराण्यातील कर्करोगाच्या जनुकदोषावरून एखाद्या विमा कंपनीने हप्ता वाढवला किंवा विमाच नाकारला, तर दाद कोणत्या कायद्याखाली मागायची? अमेरिकेत आरोग्य विमा आणि नोकरीपुरती तरी अशी मनाई २००८ पासून आहे. (आयुर्विम्याला तिथेही पळवाट आहेच.) आपल्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने संशोधनाला अटींसह सूट तेवढी दिली.

संसदेच्या येत्या अधिवेशनात केंद्राने अशा भेदभावाला मनाई करणारे विधेयक आणावे. साठवलेला नमुना परत घेण्याचा, नष्ट करवण्याचा दात्याचा हक्क त्यात निःसंदिग्ध असावा. तोवर या प्रकल्पाच्या बंगळुरूतील जैवपेढीमधले नमुने आणि ही विदा कोणाकोणाला दिली जाते, त्याची यादी जाहीर करावी.