ज्याचे वाक्य त्याने लिहावे

समजा, तुम्ही लासुर्ण्याला राहता. तुमचा एक मित्र वालचंदनगरला आहे, एक मैत्रीण बारामतीला आणि चौथा गडी इंदापूरला. दिवाळीच्या सुटीत तुम्ही चौघांनी मोबाइलवर एक खेळ मांडला आहे. या खेळात चित्रे नाहीत, आवाज नाही, पळणारी-उडणारी बाहुली नाही. नुसते लिहायचे. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे आणि आपल्या सोंगाने काय केले, काय म्हटले, ते आळीपाळीने लिहून पाठवायचे. खेळाची जागा नीरा डाव्या कालव्याची एक चारी, वेळ मध्यरात्रीची. तुम्ही पाटकरी झाला आहात. आज पाण्याची पाळी कोणाची ते तुमच्या वहीत लिहिलेले आहे आणि दाराच्या कुलपाची चावी तुमच्या कमरेला आहे. वालचंदनगरचा मित्र पाणीचोर झाला आहे.

तुम्ही लिहिता, ‘‘पाटकऱ्याने कंदील वर केला आणि विचारले, कोण आहे तिकडे?’’

मित्राचे उत्तर येते, ‘‘मी दगड मारला. तो पाटकऱ्याच्या कपाळाला लागला. पाटकरी घाबरून पाटात पडला. मी चावी घेतली, दार उघडले. सगळे पाणी माझ्या उसाला.’’

झाले! तुमचा खेळ एका दमात संपला. तुम्ही चिडता. मित्र म्हणतो, ‘‘अरे, खेळच आहे तो. नुसते लिहिले तर आहे!’’

तुमचे चिडणे योग्य आहे, असे माझे मत आहे. ते का योग्य आहे, हे पाहण्यासाठी थोडे विज्ञानाकडे वळू या.

खऱ्या चारीवर कोणी दगड मारला, तर तो कोठे पडेल हे फेकणारा एकटा ठरवत नाही. हाताचा जोर, फेकण्याचा कोन, गुरुत्वाकर्षण, अंधार आणि पाटकरी वेळेवर खाली वाकला की नाही, या सर्वांवर ते अवलंबून असते. निसर्ग कोणाची बाजू घेत नाही. रात्री चोरून पाणी वळवले, तरी सकाळी ओली जमीन चुगली करतेच. शब्दांच्या जगात मात्र गुरुत्वाकर्षण नाही आणि ओलही नाही. तेथे ‘दगड लागला’ असे लिहिले की तो लागला. त्याला अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे खेळणाऱ्यांनी आपसात ठरवलेले नियम. आपण ज्याला खेळातला शिष्टाचार म्हणतो, तोच त्या जगाचे पदार्थविज्ञान असतो. खऱ्या कालव्यावरही पाळी निसर्गाने ठरवलेली नाही, हे लक्षात घ्या. पाणी बिचारे उताराकडे धावते. पाळी माणसांनी ठरवली आणि माणसेच ती पाळतात किंवा मोडतात.

हे खेळ आजचे नाहीत. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पीडीपी-१० या मोठ्या संगणकासाठी ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला. पुढे १९८० मध्ये त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने तो हाती घेऊन पूर्ण केला. अनेक जण एकाच वेळी त्या संगणकाला जोडून घेत आणि पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. ‘उत्तरेकडे जा’, ‘कंदील उचल’ अशा आज्ञा टंकायच्या आणि त्यांचे फळ काय ते संगणकाने सांगायचे. म्हणजे या खेळात गुरुत्वाकर्षणाची जागा आज्ञावलीने घेतली होती. कंदील आधीच दुसऱ्याने उचलला असेल, तर तुम्ही काहीही लिहा, तो तुमच्या हाती येणार नाही.

मग प्रश्न सुटला, असे तुम्हांला वाटेल. तो तसा सुटला नाही. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० च्या सुमारास ‘लॅम्डामू’ नावाचे असेच एक शब्दांचे जग उभे केले. त्यात खेळाडूंना स्वतः आज्ञावली लिहून नव्या वस्तू बनवता येत. १९९३ मध्ये मिस्टर बंगल असे सोंग घेतलेल्या एका खेळाडूने जादूच्या बाहुलीसारखी एक आज्ञावली वापरली. तिच्यामुळे इतरांच्या सोंगांनी भलतीच किळसवाणी कृत्ये केली, अशी वाक्ये सर्वांच्या पडद्यावर उमटू लागली. ज्यांच्या नावाने ती उमटत होती, ते आपापल्या घरी हतबुद्ध होऊन बसले होते. कोणाच्या अंगाला बोटही लागले नव्हते. तरी त्यांच्यातील एकीने सांगितले, की दुसऱ्या दिवशी त्याविषयी लिहिताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी हा सर्व प्रकार लिहून प्रसिद्ध केला.

त्या जगाच्या चालकांनी काही महिन्यांपूर्वीच जाहीर केले होते, की खेळाडूंच्या आपसातील भांडणांत आम्ही पडणार नाही. त्यामुळे खेळाडूंनी मोठी सभा भरवली, तासन्‌तास वाद घातला, पण निर्णय काही होईना. शेवटी एका चालकाने स्वतःच्या जबाबदारीवर त्या सोंगाला कायमचे काढून टाकले. नंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू केली. खेळायला जमलेल्या माणसांना आपली पंचायत उभारावी लागली!

मिस्टर बंगलचा अपराध आणि वालचंदनगरच्या मित्राचा अपराध सारखा मोठा नाही. त्यांची जात मात्र एक आहे. दोघांनीही दुसऱ्याचे वाक्य स्वतः लिहिले. शब्दांच्या जगात तुमच्याजवळ घर नसते, शेत नसते, हात-पायही नसतात. असते ते फक्त तुमच्या सोंगाचे वाक्य. तेही दुसऱ्याने लिहिले, तर खेळात तुमचे उरले काय?

म्हणून मी पहिला नियम हा मानतो: आपण प्रयत्न लिहावा, दुसऱ्यावर झालेला परिणाम लिहू नये. ‘‘चोराने कंदिलाच्या दिशेने दगड भिरकावला’’ येथे थांबावे. तो लागला, की हुकला, की कंदीलच फुटला, हे पाटकरी लिहील. अर्थात पाटकऱ्यावरही जबाबदारी येते. प्रत्येक दगड हुकवणारा आणि कधीच न हरणारा पाटकरीही तितकाच रडीचा डाव खेळतो.

दुसरी लबाडी यापेक्षा सूक्ष्म असते. बारामतीच्या मैत्रिणीने लिहिले, की तिच्या सोंगाने वही उसाच्या फडात लपवली. चौघांनीही ते वाचले. पण चोराचे सोंग त्या वेळी पुलावर होते, त्याने ते पाहिलेले नाही. तरी चोर सरळ फडात जाऊन वही काढतो! वाचणाऱ्याला जे माहीत, ते सोंगाला माहीत असतेच असे नाही. माझ्या मते ही खोड मोडणे सर्वांत अवघड. माहीत असलेली गोष्ट माहीत नसल्यासारखे वागायला बुद्धी लागते.

आता दगड लागला की नाही, याविषयी दोघांचे एकमत होईनाच तर? समोरासमोर असता तर नाणे उडवता आले असते. एक लासुर्ण्यात, एक वालचंदनगरात. नाणे कोणाचे आणि पाहणार कोण? मॅन्युएल ब्लम या गणितज्ञाने १९८१ साली हाच प्रश्न घेतला. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोघांनी दूरध्वनीवरून नाणे कसे उडवावे? त्याने उत्तरासाठी अंकगणिताचा आधार घेतला. त्यातील कल्पना सोपी करून सांगतो.

तुम्ही मनात दोन वेगवेगळ्या मूळ संख्या धरा, पण २ सोडून. त्यांतील लहान संख्येला ४ ने भागून बाकी १ उरली तर छापा, ३ उरली तर काटा. मित्राला फक्त दोघींचा गुणाकार कळवा. मित्राने छापा की काटा ते सांगायचे. मग तुम्ही दोन्ही संख्या उघड करायच्या. समजा तुम्ही ९१ कळवले आणि मित्र ‘छापा’ म्हणाला. तुम्ही ७ आणि १३ उघड करता. ७ ला ४ ने भागले तर बाकी ३, म्हणजे काटा. मित्र हरला. तुम्हांला मागाहून संख्या बदलता येणार नाहीत, कारण ९१ चे मूळ अवयव दुसरे कोणतेही पडत नाहीत. मित्राने त्या दोन्ही संख्या मूळ आहेत एवढे तपासून घ्यावे.

९१ चे अवयव कोणीही चटकन पाडील, हे खरे. म्हणून संख्या मोठ्या घ्यायच्या. गुणाकार करणे सोपे, अवयव पाडणे महाकठीण. २०२० मध्ये एका २५० अंकी संख्येचे अवयव पाडले गेले. ते काम संगणकाच्या एकाच गाभ्यावर सोपवले असते, तर त्याला सुमारे २७०० वर्षे लागली असती!

शिष्टाचाराच्या नावाखाली काही जण फार ताणतात, हेही सांगायला हवे. कोणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवले म्हणून त्याला सर्वांदेखत झापणे, किंवा खेळापेक्षा नियमांचीच यादी लांब करणे, यात मला काही राम दिसत नाही. मध्येच वीज गेली किंवा आईने हाक मारली, तर ‘जरा थांबा, येतो’ एवढे कळवले की पुरे.

एक फरक मात्र सांभाळावा, आणि तो आपल्या गावोगावच्या बहुरूप्याकडून शिकण्याजोगा आहे. फौजदाराच्या वेषात तो दारात येऊन ‘चला चौकीवर’ म्हणून दरडावतो. त्याचा आवाज चढलेला असतो, पण राग फौजदाराचा असतो, बहुरूप्याचा नसतो. थोड्या वेळाने तो हसतो आणि आपली बिदागी मागतो. लेखी खेळात चेहरा दिसत नाही, म्हणून सोंग बाजूला ठेवून बोलायचे असेल तेव्हा पुष्कळ खेळाडू ते वाक्य कंसात लिहितात. चोराने पाटकऱ्याला खुशाल शिव्याशाप द्यावेत, पण लगेच कंसात ‘तुला वाईट नाही ना वाटले?’ असे विचारावे. उत्तर ‘वाटले’ असे आले, तर तो प्रसंग तेथेच सोडावा. अनोळखी माणूस सोंगाआडून तुमचे खरे नाव, गाव किंवा छायाचित्र मागू लागला, तर कंसातही उत्तर देऊ नका, खेळ बंद करा आणि घरात सांगा.

बरे, आपल्या चारीवरच्या दगडाचे अजून ठरलेलेच नाही. माझी संख्या ८६३३. छापा आला तर दगड कंदिलाला लागला, काटा आला तर हुकला. आधी तुम्ही छापा की काटा ते वहीत लिहून ठेवा आणि मग मोबाइलला हात न लावता अवयव पाडायला बसा.