रोजगाराच्या बैठकीत मजूर अन् शेतकरी कुठं बसतो?

अर्धापूर : सरकार, कारखानदार अन् कामगार संघटना एकत्र आल्या की रोजगार वाढतो, पोरांच्या हाताला कसब येतं, असं आपण भाषणात नेहमी ऐकतो. ही गोष्ट खोटी नाही. पण त्या बैठकीत खुर्ची कुणाला मिळाली अन् पैसा कुणाच्या खिशातून गेला, हे बघितल्याशिवाय टाळ्या वाजवायच्या नसतात. आपल्या भागातल्या लोकांचा संबंध येतो अशी तीन उदाहरणं बघू.

ऊसतोडीचा करार : बिल शेतकऱ्याचं

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संघ अन् ऊसतोड कामगारांच्या संघटनांची बैठक झाली. शरद पवार अन् पंकजा मुंडे यांनी मध्यस्थी केली. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, मुकादमाचं कमिशन एक टक्क्यानं वाढलं. करार तीन वर्षांसाठी. बीड, लातूर, नांदेडच्या ज्या जोड्या पहाटेच्या थंडीत फडात उतरतात, त्यांच्यासाठी ही वाढ हक्काची होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांच्या घामाची ती मजुरी आहे, याबद्दल दुमत नाही.

पण ही वाढ दिली कुणी? उसाची एफआरपी ही कारखान्याच्या गेटवरची असते. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर येते. म्हणजे करार कारखानदार अन् कामगार संघटनांचा झाला अन् बिल शेतकऱ्यानं भरलं. त्या टेबलावर ऊस उत्पादकाला खुर्ची नव्हती. भाऊराव चव्हाण कारखाना आपल्याच तालुक्यात आहे, त्यामुळं ही कपात काय असते हे अर्धापूरच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही.

मजुराला वाढ देऊ नका, असं इथं म्हणायचं नाही. वाढ कशी वाटून घ्यायची, साखर, इथेनॉल अन् मळीतून कमावणाऱ्या कारखान्यानं किती उचलायची अन् शेतकऱ्यानं किती, हा प्रश्न बैठकीत यायला पाहिजे होता. तो आला नाही की मग शेतकरी अन् मजूर बांधावर एकमेकाकडं डोळे वटारून बघतात. वरून एंट्रीच्या नावाखाली पैसे मागितले जातात ते वेगळंच.

सरकारचा हात इथं दुसऱ्या वाटेनं आला. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं १० रुपये अन् तेवढेच सरकारनं द्यायचे, असं ठरलं. ४१ तालुक्यांत मुला-मुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना आली. लेकरं शाळेत टिकली तर पुढच्या पिढीच्या हातात कोयता येणार नाही. खरा कौशल्य विकास तिथून सुरू होतो.

मोंढ्यातला जुना धडा

तिघांना एकत्र बसवायचं कसं, हे महाराष्ट्रानं १९६९ सालीच करून दाखवलंय. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा झाला. या कायद्यातल्या मंडळावर मालक अन् कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं असतात अन् सरकारचे एक तृतीयांशापेक्षा जास्त नसतात. व्यापाऱ्यानं हमालाची मजुरी अन् तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं ती हमालाला द्यायची. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. ज्याचा एक ठरलेला मालक नसतो, अशा माणसाला नोकरदारासारखे हक्क मिळाले.

यात वाईट काहीच नाही असं नाही. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे निघाले, उद्योगवाले त्याला वैतागले. नोंदणीच्या बाहेर राहिलेले हमाल तर अजून कितीतरी. तरी कायदा पाच दशकं टिकला, कारण पैसा मंडळाच्या खात्यातून जातो अन् ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्याचा माणूस मंडळावर बसतो.

ही कल्पना त्याच्याही आधीची. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक अन् कामगार यांची एकत्र परिषद झाली, तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं होतं. त्यातूनच पुढं भारतीय श्रम परिषद उभी राहिली. तिची ४६ वी बैठक २०१५ ला झाली. त्यानंतरची दहा वर्षं बैठकीविना गेली.

सहा हजारांचं प्रशिक्षण, पुढं काय?

२०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. आधी सहा महिने, नंतर पाच वाढवून अकरा. गावातली पोरं-पोरी ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये कामाला लागली. घरात चार पैसे आले, हे मान्य. पण अकरा महिने संपले अन् हातात प्रमाणपत्र घेऊन पोरं परत पारावर. कायम करा म्हणून ठिकठिकाणी आंदोलनं झाली.

असं का झालं? पैसा सगळा सरकारचा. ज्याच्याकडं पोरगं शिकलं त्याच्यावर पुढं कामावर ठेवायचं बंधन नाही. अन् पोरांच्या वतीनं बोलणारा कुणी योजना ठरवताना तिथं नव्हता.

आयटीआयचंही तसंच. २००७-०८ पासून केंद्राच्या योजनेत देशातल्या १३९६ आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं अन् व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद उद्योजकाकडं गेलं. उद्योगाला काय लागतं ते शिकवा, हा विचार बरोबर. पण शिकून निघालेल्याला पगार किती, तो किती दिवस टिकला, हे विचारणारी कामगाराची खुर्ची त्या समितीत ठेवलीच नाही. तिकडं लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याचं भूमिपूजन २०१८ ला झालं, डिसेंबर २०२० ला पहिला सांगाडा तयार झाला. आता तिथं वंदे भारत स्लीपरचं काम ठरलंय. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन लागणारच. त्यात मराठवाड्याची पोरं किती असतील, हे आत्ताच ठरवून घ्यावं लागेल.

आपल्या तालुक्यात काय करता येईल?

अर्धापूरचं केळ अन् हळद म्हणजे आपला उद्योगच. केळीच्या फण्या डाग न लागता काढणं, धुणं, वजन करून खोक्यात भरणं. हळद शिजवणं, पॉलिश करणं, ही सगळी कसबाची कामं. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. आपल्या भागातल्या केंद्रात ही कामं शिकवतात का, हे विचारायला पाहिजे. अन् शिकवायचं ठरलं तर व्यापारी, शेतकरी, टोळीतला मजूर अन् अधिकारी असे चौघं बसून ठरवलं पाहिजे. शिकलेल्या हाताला किती जादा मजुरी, हेही तिथंच ठरावं. नाहीतर शिकूनही भाव तोच राहणार असेल तर शिकायला येईल कोण?

आपण शेतकरी लोक दोन्हीकडं असतो. लावणी-काढणीला आपण मालक, अन् आपलंच पोरगं पुण्याला चाकणच्या कंपनीत ठेक्यावर कामगार. त्याच्या पगारासाठी जो न्याय मागतो, तोच न्याय आपल्या रानातल्या टोळीला लावावा लागेल.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. गावातल्या किती ऊसतोड मजुरांची नोंद झाली अन् ओळखपत्रं कुणाला मिळाली? कार्य प्रशिक्षण संपलेल्या किती पोरांना काम लागलं? अन् ऊसतोडीचा पुढचा करार होईल तेव्हा ऊस उत्पादकाचा प्रतिनिधी बसवा, असा ठराव आपली ग्रामपंचायत घेणार का? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.