यात्रेंतील गोंदण

माणदेशांतील यात्रा म्हटली कीं तींत गोंदणाची बैठक आलीच. चैत्रांत शिखर शिंगणापुरास शंभु महादेवाच्या, किंवा मार्गशीर्षांत म्हसवडास सिद्धनाथाच्या दर्शनास जाणारांस ती ओळखीची आहे. विजेरीवर चालणारें लहानसें यंत्र, शाईची एकच वाटी, आणि भोंवतीं हात पुढें करून बसलेलीं माणसें. एकाचें झालें कीं सुई फडक्यानें पुसावी व दुसऱ्याचा हात धरावा, हा क्रम आम्हीं स्वतः पाहिला आहे.

घरीं हा विषय निघाला म्हणजे नातवंडें आजीच्या कपाळावरील हिरवट ठिपक्याकडे बोट दाखवितात. "आजीला काय झालें?" असें त्यांचें विचारणें असतें. प्रश्न रास्त आहे. तेव्हां त्याचें उत्तर रागानें न देतां विचारानें दिलें पाहिजे.

गोंदण जन्मभर टिकतें तें कां? सुई त्वचेच्या वरच्या थराखालीं शाई सोडते. शरीरांतील रक्षक पेशी तिला परकी समजून गिळतात, परंतु पचवूं शकत नाहींत. आणि रंग तेथेंच अडकून राहतो. कांहीं कण मात्र पुढें सरकून, काखेंत अवधाण येतें त्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतात. २०१७ सालीं युरोपांतील संशोधकांनीं मृतदेहांच्या ग्रंथींत असे कण प्रत्यक्ष दाखविले. गोंदण केवळ कातडीपुरतें असतें, ही समजूत म्हणूनच खरी नव्हे.

आजीच्या ठिपक्यांत बहुधा दिव्याची काजळी असे. तीही सर्वस्वी निर्दोष नव्हती; पण नक्षी चार ठिपक्यांची होती. आजचें गोंदण कधीं कधीं सबंध दंड व्यापतें, आणि त्यांतील कित्येक रंगद्रव्यें मुळांत रोगण व छपाई यांसाठीं बनलेलीं असतात. तांबड्या रंगानें खाज व गांठी येण्याच्या तक्रारी विशेष आहेत. युरोपीय संघानें जानेवारी २०२२ पासून अशा शाईंतील चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले. २०२४ सालीं स्वीडनमधील एका अभ्यासांत गोंदलेल्या लोकांमध्यें लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचें प्रमाण कांहींसें अधिक आढळलें. पण गोंदण हेंच त्याचें कारण, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून भय घालूं नये, आणि बेफिकीरही राहूं नये.

खरा व तात्काळ धोका रंगाहूनही सुईचा आहे. पुसलेली सुई स्वच्छ दिसते, शुद्ध नसते. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी व एच.आय.व्ही. यांचे विषाणु डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशांतूनही पसरूं शकतात. सुई नवी, पण वाटी तीच, तरीही धोका उरतोच. गोंदून घेतल्यावर बारा महिने रक्तदान करूं नये, असा आपल्या देशांतील रक्तपेढ्यांचा नियम आहे, तो याच कारणास्तव.

मग घरच्या वडील माणसांनीं काय करावें? नुसतें "नाहीं" म्हणून मोकळे होऊं नये. तसें केल्यास तोच मुलगा किंवा तीच मुलगी यात्रेच्या गर्दींत गुपचूप हात पुढें करील. अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत थांबण्यास सांगावें. त्यानंतरही हौस उरलीच, तर बंद वेष्टनांतील सुई आपल्या डोळ्यांदेखत उघडली पाहिजे, शाई स्वतंत्र वाटींत घेऊन उरलेली टाकून दिली पाहिजे, हें बजावावें. हेपटायटिस बीची लस आधीं टोंचून घ्यावी. मधुमेही, गर्भवती, किंवा जखमेवर व्रण फुगून येण्याची ज्यांची प्रकृति, त्यांनीं या वाटेस जाऊं नये. गोंदल्यावर ताप किंवा वाढती सूज आल्यास घरगुती लेपांत दिवस न दवडतां वैद्यास दाखवावें.

आजीचें कपाळ गोंदलें तेव्हां ती लहान होती. तिला कोणीं विचारलें नव्हतें. आज नातवंडें आपण होऊन विचारीत आहेत. त्यांस खरी माहिती देणें हेंच आपलें काम होय.