साभार पोच

परीक्षणार्थ आलेल्या पुस्तकांची नावे ज्या मथळ्याखाली छापण्याची मराठी मासिकांची जुनी चाल आहे, त्या मथळ्यास ‘साभार पोच’ असे म्हणतात. पुस्तक हाती आले, आम्ही आभारी आहो, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तक वाचले असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. गेल्या महिन्यात आमच्याकडे अशी अकरा पुस्तके आली. त्यांपैकी सात कथासंग्रह होते, आणि त्या सातांतील पाच लेखकांनी स्वतःच्या खर्चाने छापून काढलेले होते. त्यांविषयी लिहावयास बसलो असता दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. तो आमच्या लौकिकास शोभा आणणारा नाही. परंतु तो सांगितल्यावाचून दुसऱ्यांच्या पुस्तकांचे गुणदोष काढणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या एका बाईंनी आपला पहिला कथासंग्रह आमच्याकडे पाठविला होता. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्यांनी पाचशे प्रती छापविल्या होत्या, असे सोबतच्या पत्रावरून कळले. दिवाळीची गडबड होती. टेबलावर पुस्तकांचा ढीग होता. आम्ही पुस्तक चाळले आणि चार ओळींचा अभिप्राय लिहून दिला. ‘भाषा साधी व घरगुती आहे, लेखिका होतकरू आहेत,’ हे आलेच. शिवाय संग्रहाच्या मध्यावरील ‘वाटणी’ नावाच्या गोष्टीचा शेवट हृदयंगम उतरला आहे, असेही एक वाक्य आम्ही घातले. अभिप्राय छापून आला. बाईंचे आभाराचे पत्रही आले.

पुढे तीन महिन्यांनी त्या स्वतः आमच्या घरी आल्या. चहा घेऊन झाल्यावर संकोचाने म्हणाल्या, “गुरुजी, बांधणीत चूक झाली आहे. काही प्रतींत एक फर्मा घालावयाचा राहिला, असे दुकानदाराने कळविले. तुमच्याकडे तसली प्रत तर आली नाही ना?” आम्ही कपाटातून प्रत काढून त्यांच्या समोरच उघडली. ९६ व्या पानानंतर एकदम ११३ वे पान होते. ‘वाटणी’ ही गोष्ट ८९ व्या पानावर सुरू होऊन १०८ व्या पानावर संपावयाची. आमच्या प्रतीत तिचा शेवट नव्हताच. अंगणातील भांड्यांच्या राशीपाशी उभी असलेली म्हातारी आत्या पान उलटताच नाहीशी होत होती, आणि एस. टी. चा एक कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून उतारूशी हुज्जत घालीत होता. ज्या शेवटास आम्ही हृदयंगम म्हटले होते, तो आमच्या डोळ्यांखालून गेलेलाच नव्हता.

बाई काही बोलल्या नाहीत. पिशवीतून दुसरी प्रत काढून त्यांनी टेबलावर ठेविली, नमस्कार केला आणि “येते, गुरुजी,” म्हणून निघून गेल्या. त्यांनी रागाने चार शब्द सुनावले असते, तर आम्हांस त्यापेक्षा बरे वाटले असते.

ह्या प्रसंगात आमचा आळस तर उघडच आहे. पण त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते वाचकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. पूर्वी गोष्ट लिहिणाऱ्यास आपल्या आणि वाचकाच्या मध्ये बसलेला एक मनुष्य ओलांडून जावे लागे. तो म्हणजे संपादक. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढले, काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ सुरू केले. मराठी लघुकथा वाढली ती अशा नियतकालिकांच्या मांडीवर. पुढे १९३३ साली निघालेल्या ‘सत्यकथे’ने तर संपादनास शास्त्राचे रूप दिले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांशी पत्रव्यवहार करून गोष्टीतील उणीव दाखवीत आणि ती पुन्हा लिहावयास लावीत. ‘साभार परत’ हे दोन शब्द त्या काळी नवलेखकाच्या छातीत धडकी भरवीत. पण त्या दोन शब्दांत निदान कोणीतरी आपले लिखाण वाचले आहे एवढे आश्वासन असे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली. आज दिवाळी अंक पुष्कळ निघतात, पण गोष्ट परत पाठविताना ती का पाठविली हे लिहिण्याची सवड फार थोड्यांस असते.

उलट पुस्तक छापणे मात्र अतिशय सोपे झाले आहे. खिळ्यांच्या छपाईत जुळणीचाच खर्च एवढा येई की, थोड्या प्रती काढणे परवडत नसे. आता पन्नास प्रतीही निघतात. पुस्तकास द्यावयाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक सरकारी कचेरीतून लेखकास स्वतःच्या नावाने आणि विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व तशीच एकेक प्रत आणखी तीन ग्रंथालयांस द्यावयाची असते. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. म्हणजे पुस्तक जपून ठेवण्याची तजवीज कायद्याने केली आहे. ते वाचण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. तेव्हा स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याच्या वाट्यास ‘साभार परत’ येत नाही, केवळ ‘साभार पोच’ येते. त्याचा पहिला संपादक म्हणजे त्याचा परीक्षकच होय. तोच जर पाने न उलटता स्तुती करू लागला, तर त्या लेखकास खरे सांगणारे जगात कोणी उरत नाही.

आमच्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी हा विषय मोठ्या मार्मिकपणे पाहिला आहे. इ. स. ९०० च्या सुमारास कनौजच्या दरबारी असलेला राजशेखर हा एका अर्थी आपल्याकडचाच. त्याचा पणजा अकालजलद ह्यास ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. त्याची ‘काव्यमीमांसा’ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापली गेली. प्रतिभा दोन प्रकारची, असे तो म्हणतो: कवीची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री. म्हणजे वाचणे हेही प्रतिभेचेच काम आहे. वाचणाऱ्याचे पुढे तो चार वर्ग करितो. अरोचकी, म्हणजे ज्यास काहीच रुचत नाही तो. सतृणाभ्यवहारी, म्हणजे जो गवतासकट सगळे गिळतो तो. मत्सरी, ज्यास गुण दिसतात पण बोलवत नाहीत तो. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो मर्मापर्यंत पोहोचतो तो. हा चौथा वर्ग फार विरळा. स्वखर्चाच्या पुस्तकांच्या बाबतीत आमच्याकडे पहिले दोन वर्गच पुष्कळ आढळतात. प्रकाशकाचे नाव नाही एवढे पाहून पुस्तक बाजूला सारणारा अरोचकी. आणि ‘बिचाऱ्याने पदरचे पैसे घातले आहेत’ म्हणून सरसकट शाबासकी देणारा सतृणाभ्यवहारी. त्या दिवाळीस आम्ही ह्या दुसऱ्या वर्गात होतो. नव्हे, त्याच्याही खाली होतो, कारण तो निदान गवत खातो तरी!

चौथ्या वर्गाचा मनुष्य काय करू शकतो, ह्याचे उदाहरण रशियाच्या वाङ्मयात आहे. अंतोन चेखॉव ह्याने १८८४ साली, म्हणजे डॉक्टर झाला त्याच वर्षी, सहा गोष्टींचा एक लहानसा संग्रह टोपणनावाने आणि स्वतःच्याच जबाबदारीवर छापून काढला होता. वर्तमानपत्रांसाठी तो भराभर गोष्टी लिही व त्यावर कुटुंब चालवी. १८८६ च्या मार्चमध्ये साठी उलटलेला कादंबरीकार द्मित्री ग्रिगोरोविच ह्याने, ओळखदेख नसता, त्यास एक पत्र लिहिले. वर्तमानपत्रात आलेली त्याची ‘शिकारी’ ही गोष्ट त्याने मनःपूर्वक वाचली होती. तुमच्या अंगी असामान्य गुण आहे, असे त्याने मोकळेपणी सांगितले. आणि त्याच पत्रात, घाईघाईने लिहिणे सोडा, हा गुण असा उधळू नका, अशी कानउघाडणीही केली. चेखॉवने ताबडतोब उत्तर पाठविले. एकाही गोष्टीवर आपण एका दिवसाहून अधिक वेळ घालविल्याचे स्मरत नाही, अशी कबुली त्याने दिली. दोन वर्षांनी, १८८८ साली, त्याची ‘स्टेप’ ही दीर्घ कथा प्रसिद्ध झाली. तिच्यावर त्याने कित्येक आठवडे खर्च केले होते. एका पत्राने लेखक घडतो असे आम्ही म्हणत नाही. पण स्तुती आणि दोषदर्शन एकाच मनुष्याने एकाच पत्रात केले, म्हणून दोन्हींस वजन आले, हे मात्र खचित.

असो. बाई गेल्यावर त्याच रात्री आम्ही ‘वाटणी’ आरंभापासून वाचली. दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर सूनबाईंस ती मोठ्याने वाचावयास सांगितली, कारण गोष्ट कोठे सैल पडली आहे हे डोळ्यांपेक्षा कानास लवकर कळते. दोन भाऊ वेगळे होतात. वडिलोपार्जित भांड्यांच्या दोन याद्या होतात. घरात बालपणीच विधवा झालेली आत्या आहे. तिचे नाव कोणत्याही यादीत नाही. सगळी भांडी वाटून झाल्यावर एक पोचा आलेला पितळी तांब्या उरतो. आत्या म्हणते, “हा माझ्याकडे राहू द्या.” दोघे भाऊ एकदमच म्हणतात, “घे, घे.” इतक्या तत्परतेने ते दिवसभरात कशासही कबूल झालेले नसतात. सूनबाई येथे क्षणभर थांबल्या. घरातील कोणीच काही बोलले नाही. एकत्र नांदणाऱ्या कुटुंबात असा तांब्या कोणाचा, हे ज्याचे त्याने मनात पाहिले असावे.

पण गोष्ट येथे संपत नव्हती. पुढे दोन परिच्छेद समाजाने विधवांवर केलेल्या अन्यायाविषयी होते. त्यांतील एक अक्षरही खोटे नव्हते. परंतु तांब्याने जे सांगून टाकले होते, तेच पुन्हा व्याख्यानाच्या सुरात सांगितले होते. आम्ही बाईंस सविस्तर पत्र लिहिले. प्रथम न वाचता अभिप्राय दिल्याबद्दल बिनशर्त क्षमा मागितली. मग ‘घे, घे’ हे दोन शब्द आम्हांस का आवडले ते लिहिले. शेवटचे दोन परिच्छेद काढून टाकावेत असे सुचविले. आणि आरंभीचे दीड पान पावसाचे वर्णन अनावश्यक आहे, तेही गाळावे, असे मत दिले.

आठ दिवसांनी उत्तर आले. “शेवटचे परिच्छेद काढते,” असे बाईंनी लिहिले होते; “लिहिताना मलाच धीर नव्हता, वाचणाऱ्यास समजेल की नाही असे वाटले. पण गुरुजी, पाऊस ठेवते. पाऊस थांबला नसता तर भांडी अंगणात मांडली गेली नसती, आणि शेजारच्या ओट्यावरून सगळ्यांनी ती वाटणी पाहिली नसती. भाऊ चटकन ‘घे’ म्हणाले ते आत्यासाठी नव्हे, शेजाऱ्यांसाठी.” आम्ही गोष्ट पुन्हा काढून वाचली. शेजारणींचा उल्लेख दोन ठिकाणी होता, आणि दोन्ही वेळा तो आमच्या नजरेतून निसटला होता. बाईंचे म्हणणे बरोबर होते.

तेव्हापासून आम्ही स्वतःस काही नियम घालून घेतले आहेत. शेवटचे पान वाचल्यावाचून अभिप्राय द्यावयाचा नाही. संग्रहातील निदान एका गोष्टीविषयी असे काही लिहावयाचे की, जे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकास चिकटविता येणार नाही. ‘होतकरू’ हा शब्द कोणासही चिकटतो, म्हणून तो वर्ज्य. दोष सांगावयाचा तो पृष्ठांक देऊन, म्हणजे लेखकास तो पडताळून पाहता येतो व आमचे चुकले असल्यास तसे दाखविताही येते. मुद्रणाच्या चुका खाजगी पत्राने कळवावयाच्या. त्यांवर विनोद करावयाचा नाही. आणि शक्य तेथे पुस्तक विकत घ्यावयाचे, कारण भेट आलेल्या प्रतीची भीड नकळत लेखणीत उतरते.

आमच्या वाचकांसही एक विनंती आहे. घरोघरी वर्षास एक तरी असा स्वखर्चाचा कथासंग्रह विकत घ्यावा, चार माणसांत मोठ्याने वाचावा आणि लेखकास पत्र धाडावे. पुष्कळशा पुस्तकांवर लेखकाचा पत्ता असतो, तो त्याने उगीच छापलेला नसतो. गोष्ट आवडली नाही, तर का आवडली नाही तेही लिहावे. फक्त आधी वाचावी.

गेल्या महिन्यातील पाच संग्रहांपैकी दोन आमचे वाचून झाले आहेत; त्यांविषयी पुढील अंकी लिहू. उरलेल्या तिहींची तूर्त केवळ साभार पोच. बाईंची पहिली प्रत, तो फर्मा नसलेली, आम्ही टेबलावर समोरच ठेविली आहे.